इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ पाठ आहे, पण तो कुठे आणि कोणासमोर वापरायचा?

अभ्यासिका_परळ | शनिवार, रात्री ९.४०

परळला आमच्या मंडळाची एक अभ्यासिका आहे. दर शनिवारी सहा ते आठ मी तिथे इंग्रजी शिकवते. मुलं-मुली सगळी मराठी माध्यमातली. बहुतेकांचं बी.कॉम. झालंय. काही नुकती नोकरीला लागलीत, काही मुलाखती देत फिरताहेत. आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर वडिलांनी मिळेल ते काम केलं, आणि आता ही पिढी काचेच्या इमारतींत जाते. जाते म्हणजे, जायला धडपडते.

गेल्या आठवड्यात त्यांच्यातला एक मुलगा रजेच्या अर्जाची प्रत घेऊन आला. आजोबा गेले म्हणून त्याने ऑफिसात तीन दिवस मागितले होते. अर्जात लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट ऑन मंडे.' रजा मिळाली, पण तो कागद टेबलाटेबलांवर फिरला आणि लोक हसले. सुतकातून परत आल्यावर त्याला ते कळलं. का हसले, हे मात्र कळलं नाही. 'मॅडम, गाइडात तर हेच दिलंय. किक द बकेट म्हणजे मरण पावणे.'

गाइड मी पाहिलं. अर्थ बरोबरच आहे. पण आपण मराठीत 'सोमवारी आमचे आजोबा गचकले, सबब रजा मिळावी' असं लिहू का? गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, आटोपले, खपले, गचकले. कोशात या सगळ्यांपुढे 'मरण पावणे' एवढंच असतं. यातला कोणता शब्द आजोबांसाठी आणि कोणता गल्लीतल्या गुंडासाठी, हे कोणी शिकवावं लागत नाही, घरात कानावर पडून अंगवळणी पडतं. इंग्रजीचं तसं घर या मुलांना मिळालेलं नाही, म्हणून गाइड जे सांगेल ते खरं. फ्रान्सिस ग्रोझ नावाच्या इंग्रजाने १७८५ साली बाजारी बोलीचा कोश काढला, त्यात हा 'किक द बकेट' आहे. तेव्हापासून तो बाजारीच राहिला. मित्रामित्रांत, किंवा मोटर जळलेल्या मिक्सरबद्दल बोलताना चालतो. दुःखाच्या घरात चालत नाही. अर्जात 'पास्ड अवे' लिहायचं.

त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच्या आजोबांना मी ओळखत होते.

तेव्हा माझी विनंती अशी. रोजच्या कामात खरोखर कानावर येणारे इंग्रजी वाक्प्रचार इथे लिहा. नुसता अर्थ नको. कोण बोलतं, कोणाला, कुठल्या सुरात, आणि त्या जागी आपण मराठीत काय म्हणू, तेही लिहा. सुरुवात मी करते.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.' प्रत्येक गाइडात पहिल्या पानावर हाच. १७३८ साली जोनाथन स्विफ्टच्या लिखाणात सापडतो, इतका जुना. गवती छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची, ही गोष्ट इंटरनेटवर फिरते, तिला आधार नाही. आजचे इंग्रज तो फारसा वापरतही नाहीत, 'इट्स पोअरिंग' म्हणून मोकळे होतात. परीक्षेपुरता लक्षात ठेवा. आपला 'मुसळधार' बघा, मुसळाएवढ्या जाडीच्या धारा. किती नेमका शब्द आहे, आणि तो आपण रोज वापरतो.

'बीट अराउंड द बुश.' गाइडात अर्थ दिलाय 'पाल्हाळ लावणे'. हा चुकीचा आहे. पाल्हाळ लावणारा बोलतच सुटतो, त्याला लपवायचं काही नसतं. इथे माणूस मुद्द्यापाशी येणं टाळतो. आपल्याकडे याला तंतोतंत शब्द आहे, ताकाला जाऊन भांडं लपवणे. वर्गात एवढं सांगितलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

'प्ले इट बाय इअर.' आमच्या एका मुलीला मुलाखतीत म्हणाले, 'जॉइनिंग डेटचं आपण बाय इअर प्ले करू.' तिला वाटलं फोन येणार. अकरा दिवस ती फोन हातातून खाली ठेवत नव्हती, आंघोळीला जातानासुद्धा आईकडे देऊन जायची. नोटेशन न बघता नुसत्या कानाने वाद्य वाजवणं, त्यावरून हा आला. म्हणजे आधी काही ठरवायचं नाही, वेळ येईल तसं बघायचं. त्या कंपनीने तिला तारीख दिलीच नव्हती. हे त्याच दिवशी कळतं, तर तिने दुसरीकडची मुलाखत सोडली नसती.


रात्रपाळी | शनिवार, रात्री ११.१५

ताई, धागा अगदी वेळेवर काढलात. मी मालाडला अमेरिकन ग्राहकांच्या टीममध्ये आहे, सात वर्षं झाली. आमच्याकडे सगळ्यात जास्त रक्त आटवलं असेल तर 'टेबल' या एका शब्दाने.

पहिल्याच वर्षी तिकडच्या मॅनेजरबाईंचा मेल आला, 'लेट्स टेबल द व्हेंडर इश्यू.' आम्ही लहानपणापासून बातम्यांत ऐकत आलोय की अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला. पटलावर ठेवला म्हणजे चर्चेसाठी मांडला. ब्रिटिश इंग्रजीत 'टेबल' म्हणजे नेमकं तेच, आणि आपली संसदीय भाषा तिथूनच आली. चौघांनी रात्र जागून आकडे काढले, तक्ते केले. सकाळी मीटिंगमध्ये बाई तो विषय काढेनात, म्हणून आम्हीच काढला. त्यांचा आवाज एकदम थंड झाला. अमेरिकेत 'टेबल' म्हणजे तो विषय बाजूला ठेवा, आत्ता नको. त्यांनी नको म्हटलं होतं आणि आम्ही हट्टाने तोच पुढे केला, असा त्यांचा समज झाला.

पुढे वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांत याच शब्दावरून मोठी खडाजंगी झाली होती. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं, असं चर्चिलने लिहून ठेवलंय. तेव्हापासून आमच्या टीमचा नियम आहे. 'टेबल' दिसलं की लगेच विचारायचं, 'आता घ्यायचं की नंतर?' विचारायची लाज वाटून घ्यायची नाही.

दुसरा, 'रेन चेक'. जुलै महिना, बाहेर धो धो कोसळतोय, आणि फोनवर ग्राहक म्हणाला, 'कॅन आय टेक अ रेन चेक ऑन थर्सडे?' माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने त्याला गुरुवारचा हवामान अंदाज आणि भरतीची वेळ काढून पाठवली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ते बघितलेल्या माणसाने पावसाचं नाव निघताच भरतीची वेळ बघणं यात गैर काहीच नाही. पण हा शब्द बेसबॉलचा. १८८० च्या दशकात अमेरिकेत पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकांना तिकिटाचा तुकडा देत, तो दाखवून पुढच्या सामन्याला फुकट जाता येई. म्हणून 'रेन चेक' म्हणजे आज जमत नाही, पण नकार समजू नका, पुढे कधीतरी नक्की. आपण म्हणतो ना, 'चहा उधार राहिला तुमचा.'

तिसरा, 'पुश द एन्व्हलप'. नव्याने लागलेला एक मुलगा हे ऐकून फार घाबरला होता. मुंबईत पाकीट सरकवणे म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, 'सर, कोणाला द्यायचंय? मी यात पडणार नाही.' मला त्याचा अभिमान वाटला. पण इथलं एन्व्हलप म्हणजे विमानाच्या वेगाची आणि उंचीची मर्यादा, चाचणी घेणाऱ्या वैमानिकांच्या बोलीतली. ती मर्यादा थोडी पुढे ढकलून बघा, एवढाच अर्थ.


मैदानी | रविवार, सकाळी ८.०५

शनिवार-रविवार मैदानात जायचे म्हणून इंग्रजीचा अभ्यास कधी धड झाला नाही, पण क्रिकेटने बरंच शिकवलं.

'स्टिकी विकेट' कळायला कांगा लीगसारखी शाळा नाही. १९४८ पासूनची स्पर्धा, मुद्दाम भर पावसाळ्यात ठेवलेली. आझाद मैदानावर सकाळी सर येऊन गेली, खेळपट्टी झाकलेली नाही, आणि अकराच्या सुमारास ऊन पडलं. ओली माती वरून सुकायला लागते, आत ओलच. तेव्हा चेंडू कधी गुडघ्याखालून जाईल आणि कधी नाकावर येईल, सांगता येत नाही. पाय पुढे टाकला तरी मरण, मागे घेतला तरी मरण. 'वुई आर ऑन अ स्टिकी विकेट' असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो या अवस्थेत आहे. मराठीत 'अडचणीत आहोत' एवढं पुरत नाही, 'इकडे आड तिकडे विहीर' जवळचं.

हॅटट्रिकही गंमत म्हणून सांगतो. १८५८ मध्ये शेफील्डला स्टीफन्सन नावाच्या गोलंदाजाने लागोपाठ तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी दिली. आता आपल्याकडे तिसऱ्यांदा निवडून येणाऱ्या नगरसेवकाचीही हॅटट्रिक होते.

पण खरा सापळा 'सिक्स'चा आहे. मराठीत 'त्याने सिक्सर मारला' म्हणजे त्याने बाजी मारली. ब्रिटिश इंग्रजीत 'द न्यूज नॉक्ड मी फॉर सिक्स' म्हणजे त्या बातमीने मी पार कोलमडलो. आपण बॅट धरणाऱ्याच्या बाजूने बघतो, ते फटका खाल्लेल्या चेंडूच्या बाजूने. माझ्या भावाच्या लंडनच्या साहेबाने वडील आजारी असल्याचं सांगताना हे वाक्य वापरलं, आणि भावाने उत्तरात 'काँग्रॅच्युलेशन्स' लिहिलं. तो साहेब समंजस होता म्हणून निभावलं.


सरळसोट | रविवार, सकाळी १०.३०

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. मुलांना साधं, स्वच्छ इंग्रजी शिकवा. कर्ता, क्रियापद, काळ. वाक्प्रचार टाकून बोललं की माणूस हुशार ठरतो, हा समज आपणच पोसलाय. ज्याने आजोबांचा अर्ज लिहिला त्याने 'माय ग्रँडफादर डाइड' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?


अभ्यासिका_परळ | रविवार, सकाळी ११.१०

सरळसोट, काहीच बिघडलं नसतं, आणि मी वर्गात हेच सांगते. बोलताना, लिहिताना साधंच बोला. 'डाइड' मध्ये कसलाही कमीपणा नाही. ज्या वाक्प्रचाराचा सूर कानात मुरलेला नाही तो तोंडात घेऊ नका.

पण समोरचा काय बोलेल ते आपल्या हातात नसतं ना. ऐकताना कळलंच पाहिजे. त्या मुलीचे अकरा दिवस बोलण्याच्या चुकीने गेले नाहीत. तिने एक शब्दही चुकीचा उच्चारला नव्हता. वाक्यातला एकूण एक शब्द तिला येत होता, प्ले, इट, बाय, इअर. चारही शब्द आपण पहिली-दुसरीत शिकतो. कठीण शब्द आला तर मूल कोश उघडतं. सोपे शब्द आले की वाटतं आपल्याला कळलं, आणि तिथेच घात होतो.


कंदीलवाला | रविवार, दुपारी १.२०

मध्य रेल्वेत गार्ड म्हणून एकतीस वर्षं काढली, आता डोंबिवलीत निवृत्त आहे. ताईंच्या वर्गातल्या मुलांना एक सांगावंसं वाटतं. इंग्रजीतले बरेच वाक्प्रचार आपण आधीच मराठीत आणून बसवलेत, फक्त ते पाहुणे होते हे विसरलोय.

'प्रकल्पाला हिरवा कंदील मिळाला' हे आपण रोज पेपरात वाचतो. इंग्रज म्हणतो 'ग्रीन लाइट', आपल्याकडचं इंग्रजी म्हणतं 'ग्रीन सिग्नल', आणि मराठीने उचलला तो थेट गार्डाच्या हातातला कंदील. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्यानंतर कधीतरी हा शब्द लोकांच्या तोंडी बसला असणार. मी स्वतः रॉकेलचा कंदील हातात धरलाय. काच फिरवली की हिरवा, परत फिरवली की लाल. पावसात वात फडफडायची, आणि मागच्या डब्यातून मी हिरवा दाखवल्याशिवाय ड्रायव्हर हलत नसे. परवानगी म्हणजे काय, ते त्या वेळी मनगटाला कळायचं.

'लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल' समजावायचा असेल तर मुलांना पारसिकचा बोगदा सांगा. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. आमच्या वेळी फास्ट लोकल त्यातूनच जायच्या. दिवे नसलेल्या डब्यात, दाराशी लोंबकळताना, समोर आधी टिकलीएवढा उजेड दिसतो. बोगदा संपलेला नसतो, पण संपणार हे नक्की होतं. अर्थ एवढाच आहे, संकट अजून आहे पण शेवट दिसू लागलाय.

'लेट ऑफ स्टीम' वाफेच्या इंजिनाचा. दाब वाढला की झडप उघडून वाफ सोडायची, नाहीतर बॉयलर फुटेल. कोणी साहेब म्हणाला की 'ही वॉज जस्ट लेटिंग ऑफ स्टीम', तर समजायचं की बिचाऱ्याने मन मोकळं केलं, मनावर घेऊ नका.


देवळालीकर | रविवार, दुपारी ४.००

काका, हिरव्या कंदिलाचं वाचून राहवलं नाही. आपण इंग्रजीकडून घेतलेलं तुम्ही सांगितलंत, मी इंग्रजीने आपल्याकडून नेलेलं सांगते. तेही तुमच्याच लाइनवरचं.

इंग्लंडमध्ये एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही असं हलक्या सुरात म्हणायचं असेल तर म्हणतात, 'ही'ज गॉन डूलॅली.' हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळची आमची देवळाली. माझं माहेर.

१८६१ मध्ये देवळालीला ब्रिटिश फौजेचा तळ पडला. हिंदुस्थानातली मुदत संपलेले शिपाई तिथे आणून ठेवत, मग मुंबईला नेऊन बोटीत बसवत. पण फौजेच्या बोटी वर्षभर सुटत नसत, हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम संपता संपता ज्याची मुदत भरली, तो पुढच्या हंगामापर्यंत अडकला. घर डोळ्यांपुढे, हाताला काम नाही, उन्हाळा, दारू, हिवताप. माणसं तिथे भ्रमिष्ट व्हायची. याला ते म्हणत 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. पुढे 'टॅप' गळून पडला आणि गावाचं नाव तेवढं राहिलं.

आता गंमत बघा. मुंबईत आपण काय म्हणतो? 'याला ठाण्याला नेऊन टाका.' ठाण्याला मनोरुग्णालय आहे म्हणून. इंग्रजाने देवळाली धरली, आपण ठाणं. दोन्ही मध्य रेल्वेवर.

मी लग्नानंतर मुलुंडला आले. आमच्या ऑफिसात एक ब्रिटिश बाई काही महिने होत्या. त्या सहज बोलता बोलता हा शब्द बोलल्या आणि मी त्यांना सांगितलं की मी त्या गावची आहे. त्यांचा विश्वासच बसेना. नकाशा काढून स्टेशन दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, 'म्हणजे ती खरी माणसं होती.'


रात्रपाळी | रविवार, दुपारी ४.२५

जबरदस्त. हे माहीतच नव्हतं. +१


परळची_सिस्टर | रविवार, संध्याकाळी ७.४५

देवळालीकर ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ठाण्याच्या उल्लेखाबद्दल एक सांगते, राग मानू नका. मी तिथे प्रशिक्षणाला होते. तिथल्या रुग्णांचे नातेवाईक बसमध्ये कोणी हे वाक्य बोललं की मान खाली घालतात. ज्या घरात खरंच आजारपण आहे त्या घरासमोर ना ठाणं म्हणावं, ना डूलॅली. ताईंनी विचारलंय ना, कोणासमोर बोलायचं, म्हणून लिहिलं.

आता माझ्या कामाचं. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी अतिदक्षता विभागात आहे. डॉक्टर शिकलेसवरलेले, बहुतेकांचं बोलणं इंग्रजीत. नातेवाईक साताऱ्याचे, जळगावचे, रत्नागिरीचे, जिन्यात सतरंजी टाकून बसलेले. डॉक्टर घाईत सांगून जातात, 'ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट.' घरातला शिकलेला मुलगा मान डोलावतो आणि मग माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, 'सिस्टर, लाकडाचं काय म्हणाले?' जंगलातून अजून बाहेर पडलेला नाही, म्हणजे धोका अजून टळलेला नाही. हे मी दिवसाला दोन-तीन वेळा तरी सांगत असेन.

'टच अँड गो' त्याहून अवघड. एका आईला तिच्या भाच्याने समजावलं की डॉक्टर हात लावून निघून गेले. तिचा संताप संताप झाला. डॉक्टर म्हणाले होते की रात्र काठावरची होती, काहीही होऊ शकलं असतं. ते तर त्या मुलाजवळ पहाटेपर्यंत उभे होते. एका वाक्प्रचारामुळे त्या माउलीने ज्याचे आभार मानायचे त्यालाच बोल लावले. मी मध्ये पडले नसते तर तो गैरसमज ती गावी घेऊन गेली असती.

'अंडर द वेदर' मात्र किरकोळ. अंग कसकसतंय, कणकण आहे. 'आय ॲम फीलिंग अ बिट अंडर द वेदर' असं फोनवर सांगून सुट्टी मागता येते. कर्करोगाच्या रुग्णाबद्दल कोणी असं म्हणत नाही.


दप्तरी | सोमवार, सकाळी ९.१५

दिवाणी न्यायालयात लिपिक आहे. दोनच सांगतो, कामाला जायचंय.

'रेड टेप'ला आपण 'लालफितीचा कारभार' म्हणतो, तेही इंग्रजीचं भाषांतरच. कागदांच्या गठ्ठ्यांना बांधायची फीत खरोखर असते, माझ्या टेबलावर आत्ता सुती फितीने बांधलेले गठ्ठे पडलेत. पण आपला अस्सल शब्द आहे 'दप्तरदिरंगाई'. पेशव्यांच्या दप्तरातले कागद फितीने नव्हे, रुमालात बांधलेले असत. २००५ चा बदल्यांचा आणि विलंब रोखण्याचा जो राज्याचा कायदा आहे, त्याचं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. मुलांना हा शब्द द्या.

दुसरा, 'मूट पॉइंट'. ब्रिटिश वळणाने वाचलं तर वादाचा मुद्दा, अजून ठरायचाय असा. अमेरिकन वळणाने वाचलं तर आता त्यावर वाद घालून उपयोग नाही असा. 'टेबल'सारखंच दुतोंडी प्रकरण. करारमदाराच्या मेलमध्ये दिसला तर विचारून घ्यावं.


पंचांग_दादर | सोमवार, दुपारी ३.३०

'वन्स इन अ ब्लू मून' कोणी घेतला नाही अजून. हा माझ्या आवडीचा.

गाइडात 'क्वचित' एवढंच असतं. पण ब्लू मून म्हणजे एका इंग्रजी महिन्यात आलेली दुसरी पौर्णिमा. (जुनी व्याख्या वेगळी होती, १९४६ मध्ये एका अमेरिकन खगोल-मासिकातल्या चुकीमुळे ही रूढ झाली.) चंद्र निळा होत नाही. आता आपल्याकडे बघा. बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, सौरवर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवस उरतात, ते साठत जातात आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी आपण एक अधिकमास घालतो. तोच उरलेला काळ इंग्रजी कॅलेंडरात साठतो तेव्हा एका महिन्यात दोन पौर्णिमा बसतात, तेही साधारण तेवढ्याच अंतराने! २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण होता आणि त्याच ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या.

म्हणजे 'वन्स इन अ ब्लू मून' हा जवळजवळ आपला अधिकमासच. फक्त आपण त्याचा वाक्प्रचार केला तो वेगळ्या अंगाने, दुष्काळात तेरावा महिना. त्यांना दिसला चंद्राचा दुर्मीळपणा, आणि आपल्या शेतकऱ्याला दिसलं की धान्य बारा महिन्यांचं आहे आणि खाणारी तोंडं तेराव्यातही आहेत. या दोन्हींची गल्लत करू नये. 'तेरावा महिना' म्हणायचं असेल तर इंग्रजीत 'टु मेक मॅटर्स वर्स' म्हणा.


अभ्यासिका_परळ | सोमवार, रात्री १०.०५

दादर, हे मी फळ्यावर मांडून दाखवणार. अकरा दिवसांचा हिशेब मुलांना फार आवडेल.

सिस्टर, तुमचा 'टच अँड गो' वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तो आधी शिकवेन.

आणखी एक आठवला, मिठाचा. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.' आपल्याकडे मीठ सांगणारा घालतो, तिखटमीठ लावून सांगतो. इंग्रजीत मीठ ऐकणाऱ्याने आपल्या हाताने घ्यायचं, म्हणजे ऐका पण पुरता विश्वास टाकू नका. वर्गात एक मुलगी उलटंच समजली होती, तिला वाटलं साहेब तिलाच म्हणताहेत की तू मीठ लावून सांगतेस. ती दोन दिवस साहेबांशी बोलली नाही.

आणि जे आपल्याकडून तिकडे जाऊन फसतात तेही सांगायला हवेत. 'आय पास्ड आउट इन २०१९.' आपल्या लेखी पदवी मिळाली. बाहेरच्या माणसाच्या लेखी २०१९ मध्ये तुम्ही चक्कर येऊन पडलात. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'आउट ऑफ स्टेशन' हे कंपनी सरकारच्या काळचं, इथे सगळ्यांना कळतं, पण परदेशी ग्राहक म्हणेल कुठलं स्टेशन? तिथे 'आउट ऑफ टाउन'.


नवखा_लालबाग | मंगळवार, सकाळी ७.५०

मॅडम, मी तुमच्या वर्गातलाच आहे. पहिल्यांदाच इथे लिहितोय. बीकेसीला मुलाखत दिली होती, तिथून काल रात्री मेल आला. शेवटची ओळ अशी आहे, 'वुई विल कीप यू पोस्टेड.' पत्र पोस्टाने येणार का? आमच्या चाळीत एकच पेटी आहे आणि पत्रं गहाळ होतात. लालबागच्या पोस्टात जाऊन आधी सांगून ठेवू का? की काकांचा पवईचा पत्ता कळवू?


अभ्यासिका_परळ | मंगळवार, सकाळी ८.१०

बाळा, बरं झालं विचारलंस. पोस्टात जाऊ नकोस आणि पत्ताही बदलू नकोस. हे 'पोस्टेड' हिशेबाच्या वहीतलं. तू बी.कॉम. आहेस, खतावणीत नोंद पोस्ट करतात ते तुला माहीतच आहे. वही ताजी ठेवणे, तसं तुला ताजी माहिती देत राहू, असं ते म्हणताहेत. हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मेल रोज बघ, नको असलेले मेल जिथे जाऊन पडतात तो कप्पाही बघ. दुसरीकडच्या मुलाखती चालू ठेव.

उत्तर आजच दे, दोन ओळी पुरे. 'थँक यू फॉर युअर मेल. आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू.' पाठवण्याआधी मला दाखवायचं असेल तर दाखव, मी साडेनऊपर्यंत घरी आहे.